उंबऱ्याच्या आतली वायर

"साहेब, बॉक्सपर्यंत आमचं. आतलं तुमचं."

हे वाक्य ज्या पोराने उच्चारले तो वयाने आमच्या बँकेतल्या काउंटरमागच्या खुर्चीपेक्षाही लहान होता. एका खांद्यावर वायरीचे भेंडोळे, दुसऱ्या खांद्यावर शिडी आणि चेहऱ्यावर अत्यंत शांत भाव. 'प्रोसेसिंग फी वेगळी बरं का' हे वाक्य गेली वीस वर्षे मी काउंटरवरून लोकांना ऐकवत आलो आहे. ते ऐकताना समोरच्या माणसाच्या पोटात नेमके काय होते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

झाले होते असे. येलदरीच्या आमच्या घरात इंटरनेट घ्यायचे ठरले. मोबाईलवर इंटरनेट होतेच, पण घरात ते मिळण्याची एकमेव खात्रीची जागा म्हणजे न्हाणीघराबाहेरचा कपडे धुण्याचा दगड. घर वडिलांनी बांधलेले. वडील पाटबंधारे खात्यात हजेरी कारकून होते. उभे आयुष्य धरणाच्या सावलीत काढलेल्या माणसाने घर बांधले की त्याच्या भिंतीही धरणासारख्याच होतात. दगडी, दीड हात जाड. त्यांतून पाणी झिरपत नाही आणि वायफायही झिरपत नाही.

इंटरनेट हवे होते ते आईसाठी. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती मागच्या खोलीतच असते. धाकटी बहीण पुण्याला. तिला मुलगी झाली, आणि आजीने नात अजून पाहिली होती ती फक्त माझ्या मोबाईलवर, छापील फोटोसारखी स्थिर. बहीण रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावायची, आणि मागच्या खोलीत त्या बाळाचे तोंड उघडलेले राहून तसेच थिजायचे. ते जांभई देत आहे की रडत आहे यावर आईचा आणि सौ.चा रोज वाद व्हायचा.

कंपनीचे (नाव सांगत नाही, उगाच भांडण कशाला?) म्हणणे असे की खांबापासून ओसरीतल्या डबीपर्यंत काचेची तार आम्ही आणू, ओसरीत राउटर बसवू, आमचे काम संपले. ओसरी आणि मागची खोली यांच्यामध्ये दोन भिंती. तेव्हा मागच्या खोलीपर्यंत आतून वेगळी वायर ओढायची, तिथे दुसरा छोटा राउटर लावायचा, आणि त्याचे पैसे वेगळे. पोराने माझ्याच पेनने माझ्याच डायरीच्या पानावर हिशेब मांडला. वायर 27 मीटर, दर वीस रुपये, झाले 540. केसिंग पट्ट्या आठ, चाळीसप्रमाणे 320. भिंतीला दोन भोके, शंभरप्रमाणे 200. दुसरा राउटर 1,100. मजुरी 700. एकूण 2,860.

"अरे, महिन्याचं इंटरनेट 499 रुपये," मी म्हणालो, "आणि सत्तावीस मीटर वायरीला साडेपाच महिन्यांचे पैसे?"

"भित्ताडच तसलं हाय साहेब. ड्रिलचं पातं जायलंय की माझं."

आमची सौ. आतून म्हणाली, "अहो, देऊन टाका ना. तुमच्या त्या कपडे धुण्याच्या दगडावर बसून माझी कंबर गेली."

पण मी बी.कॉम. आहे. बी.कॉम. झालेल्या माणसाला पैशाचा प्रश्न पडला की तो त्याला तत्त्वाचा प्रश्न म्हणतो. मी त्या पोराला आठ दिवसांनी यायला सांगितले आणि 'बाहेरचं आमचं, आतलं तुमचं' हा नियम जगात पहिल्यांदा कोणी काढला, याच्या शोधाला लागलो. मनात इरादा असा की, मुळात घोटाळा सापडला तर 2,860 रुपये वाचतील.

शोधाला फार लांब जावे लागले नाही. दारात उभे राहिले की धरण दिसते. पूर्णा नदीवरचे हे धरण 1968 साली पूर्ण झाले. मातीचे धरण, लांबी चार किलोमीटरच्या वर, आणि पोटात सुमारे 934 दशलक्ष घनमीटर पाणी. त्याच्या पायथ्याशी साडेसात हजार किलोवॅटचे तीन संच असलेले वीजघर आहे, म्हणजे एकूण साडेबावीस मेगावॅट. पाणी आधी वीज करते आणि मग खाली सिद्धेश्वरच्या धरणाकडे जाते. कालवे निघतात ते सिद्धेश्वरपासून. येलदरीने साठवायचे आणि सिद्धेश्वरने वाटायचे. आमच्या बँकेत यालाच हेड ऑफिस आणि शाखा म्हणतात.

आता या कालव्याचे पाहा. मुख्य कालवा सरकारचा. त्याच्या वितरिका सरकारच्या. लघुवितरिका सरकारची. तिला शेवटी एक तोंड असते, त्यातून पाणी बाहेर पडते. तिथून पुढे वावरापर्यंत जी चारी खणायची, ती पूर्वीच्या काळी शेतकऱ्याने. म्हणजे कोट्यवधींचे धरण सरकारचे, आणि शेवटची काही हाताची चारी ज्याची त्याने! ही चारी ज्याला जमली त्याचे वावर भिजले. ज्याला जमली नाही तो कालव्याच्या काठावर बसून पाणी वाहताना बघत राहिला. देशभर हेच व्हायला लागले. धरणे भरली, आणि रान कोरडे. शेवटी 1974-75 साली केंद्र सरकारने लाभक्षेत्र विकासाचा कार्यक्रम काढला. त्यातले एक मोठे काम हेच, शेतचाऱ्या करण्याचे. पुढे 2005 साली महाराष्ट्रात कायदा होऊन पाणीवापर संस्थांकडे कालव्याच्या शेवटच्या भागाचा कारभार आला. तात्पर्य, वर कितीही मोठे धरण असो, शेवटच्या चारीवाचून त्याची किंमत शून्य.

हे माझ्या बाजूने होते की कंपनीच्या, ते मला कळेना. म्हणून पुढे गेलो.

पुढे वीज. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 20 जून 1960 रोजी स्थापन झाले, आणि 2005 साली त्याच्या कंपन्या झाल्या. पण मंडळ असो की कंपनी, रेघ तीच. 1956 च्या भारतीय वीज नियमांत 'पुरवठा जिथून सुरू होतो ते ठिकाण' ठरवून दिलेले होते, आणि ते घराच्या दारापाशी, कटआउटजवळ. तिथपर्यंत पुरवठा करणाऱ्याचे. तिथून पुढची वायर, बटणे, होल्डर, पंखा आणि त्या पंख्याचा रात्रभर चालणारा खडखडाट हे सगळे ग्राहकाचे. वर परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट दिल्याशिवाय जोडणी नाही. आपण हे इतकी वर्षे निमूटपणे मान्य केले आहे. दिवा गेला तर 'बोर्डाची लाइट गेली' म्हणतो, आणि फ्यूज गेला तर खुर्चीवर चढून स्वतःच तार गुंडाळतो. कोणत्या अंधाराचा मालक कोण, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते.

मग माझ्या लक्षात आले की एक वस्तू मात्र अशी होती, जिची आतली वायरही आपली नव्हती. टेलिफोन!

ग्रॅहम बेलने 1876 साली टेलिफोनचे पेटंट घेतले आणि 1882 च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे एक्स्चेंजे सुरूही झाली. 1885 च्या टेलिग्राफ कायद्याने तारांचा सगळा अधिकार सरकारकडे गेला आणि पुढची शंभरेक वर्षे तो तिथेच मुक्कामाला राहिला. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना सांगायला नको. नंबर लागायला वर्षानुवर्षे. ज्याला घाई, त्याच्यासाठी 'ओन युवर टेलिफोन' नावाची योजना होती. आधी गठ्ठ्याने पैसे भरा, नंबर लवकर लागेल. नावात 'ओन', पण मालकी खात्याचीच. यंत्र खात्याचे, वायर खात्याची, भिंतीतला खिळासुद्धा खात्याचा. वायरमन ओसरीत फोन ठोकून गेला की तो ओसरीतच. आजारी माणसाच्या उशाशी न्यायचा, तर अर्ज करा. दुसऱ्या खोलीत जोडफोन हवा, तर अर्ज करा आणि जादा भाडे भरा. आपल्या हाती फक्त दोन गोष्टी असत. फोनवर विणलेला रुमाल घालणे, आणि शेजाऱ्यांपासून रक्षण म्हणून डायलला चिमुकले कुलूप लावणे.

आतली वायर फुकट होती म्हणता? नव्हती. ती भाड्यात होती. एवढेच, की आपल्याला ती दिसत नव्हती. आमच्या बँकेत अशा खर्चाला एक फार सभ्य नाव आहे, 'समाविष्ट'.

मला वाटत होते की हा सगळा आपल्या सरकारी कारभाराचा नमुना. पण अमेरिकेत तर खाजगी कंपनी होती, आणि तिथली तऱ्हा याहून वरचढ! तिथल्या बेल कंपनीच्या फोनला दुसऱ्याची कोणतीही वस्तू जोडायला बंदी होती. एका गृहस्थाने फोनच्या तोंडाला बसवायचा एक साधा पेला विकायला काढला. त्यात तोंड घालून बोलले की शेजारच्या टेबलावर ऐकू जात नाही. नाव 'हश-ए-फोन'. ना वायर, ना वीज, नुसता पेला. पण कंपनीने हरकत घेतली, नियामक आयोगाने 1955 साली कंपनीची बाजू उचलून धरली, आणि ते प्रकरण कोर्टात गेले. 1956 साली कोर्टाने सांगितले की, बाबांनो, गिऱ्हाइकाने आपल्या फोनवर पेला बसवला तर तुमचे काही बिघडत नाही. माणसाने फोनपाशी तोंडावर हात धरला तर चालतो आणि पेला धरला तर चालत नाही, हे त्या कोर्टाला पटेना.

दुसरा वीर टेक्सासचा. थॉमस कार्टर त्याचे नाव. तेलविहिरींच्या रानात हिंडणाऱ्या लोकांना वायरलेसवरून घरच्या फोनशी बोलता यावे म्हणून त्याने एक यंत्र केले. कंपनीने पुन्हा तीच हरकत घेतली. निकाल कार्टरच्या बाजूने लागला तो 1968 साली. म्हणजे इकडे आमचे धरण पूर्ण झाले त्याच साली तिकडे हा बांध फुटला! या निकालाने एक गोष्ट ठरली. तारेच्या टोकाला काय जोडायचे ते, लाइनचे नुकसान होत नसेल तर, ज्याचे घर त्याने ठरवावे. मग उत्तर देणारी यंत्रे आली, फॅक्स आले, मॉडेम आले. आणि ज्या मॉडेमच्या जोरावर पुढे घरोघर इंटरनेट गेले, त्याला घरात शिरायला वाट मिळाली ती अशी.

टोकाचे यंत्र सुटले. राहिली घरातली वायर. 1 जानेवारी 1987 पासून अमेरिकेत तीही कंपनीच्या दरपत्रकातून बाहेर पडली. घराबाहेर एक डबी, डबीपर्यंत कंपनी, डबीच्या आत घरमालक. इंग्लंडातही 1981 पासून भिंतीत खटक्याचे सॉकेट बसू लागले आणि फोन उपटून दुसऱ्या खोलीत नेता येऊ लागला.

आता गंमत पाहा. आतली वायर लोकांच्या मालकीची झाली, त्याबरोबर अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्या नवी योजना घेऊन आल्या. दरमहा थोडे पैसे द्या, तुमच्या आतल्या वायरीची काळजी आम्ही घेऊ! जे काल त्यांचेच होते, त्याच्याच राखणीचा आज हप्ता. हे वाचून माझ्यातला बँकवाला गहिवरला. धंदा तो धंदा.

आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट खुले केले. ते आले टेलिफोनच्याच तांब्याच्या तारेवरून, कोंबडी दाबल्यासारखा आवाज काढत. 2005 साली ब्रॉडबँड आले, तेही त्याच तारेवरून. तेव्हा घरात नवी वायर ओढायचा प्रश्नच आला नाही. खात्याने कधीकाळी ठोकलेली तार घरात होतीच; भाडेकरू तेवढा बदलला. म्हणूनच आपली सर्वांची समजूत झाली की इंटरनेटला आतल्या वायरीचा खर्च नसतो. आता आली केसासारखी बारीक काच. तिच्यातून उजेड जातो, वीज नाही. ती जुन्या तारेला जोडता येत नाही, आणि दाराच्या कोपऱ्यात जास्त वाकवली तर रुसते. तेव्हा जुना हिशेब मिटला आणि उंबऱ्यावरचा तोच प्रश्न नव्याने उभा राहिला.

सरकारनेही रेघ ओढलेलीच आहे. गावोगाव काचेची तार नेण्याची योजना 2011 साली मंजूर झाली. अडीच लाखांच्या आसपास ग्रामपंचायतींपर्यंत न्यायची, असा संकल्प. 2015 साली तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. पण तारेचा मुक्काम ग्रामपंचायतीत. तिथून आपल्या दारापर्यंत दुसरा कोणी, आणि दारापासून आईच्या खाटेपर्यंत आपण. पुन्हा तीच चारी!

इतके झाल्यावर माझ्या खटल्याची बाजू जरा लंगडी पडू लागली. हिशेबाच्या अंगाने पाहिले तर कंपनी म्हणते ते अगदीच खोटे नाही. खांबापासून दारापर्यंतचा खर्च थोड्याफार फरकाने सगळ्यांना सारखा. पण आत कोणाची एक खोली, कोणाचा चौसोपी वाडा. आतली वायरही सगळ्यांच्या मासिक भाड्यात घातली, तर एका खोलीत राहणारा माणूस वाड्यातल्या अकरा खोल्यांच्या वायरीचे पैसे दर महिन्याला भरील, आणि त्याला ते कळणारसुद्धा नाही. माझ्या घराच्या भिंती दीड हाताच्या. त्याचा भुर्दंड पत्र्याच्या घरातल्याने का सोसावा?

तरीही 2,860 हा आकडा काही केल्या घशाखाली उतरेना. तेव्हा शेवटचा पुरावा म्हणून मी वडिलांचे बासन काढले. वडिलांनी जन्मभर एकही पावती फेकली नाही. हजेरी कारकुनाचा स्वभावच तो. त्यांनी आमच्या वाढदिवसांचीसुद्धा हजेरी ठेवली असती. घराच्या वायरिंगला त्या काळी काय पडले होते ते पाहावे, आणि 'बघा, पूर्वी कसं स्वस्त होतं' असे म्हणून निदान मनाचे समाधान तरी करून घ्यावे, हा हेतू.

सापडली पावती. 1976 सालची. लाकडी पट्टीवरचे वायरिंग, पॉइंट चार, दर बावीस रुपये, झाले 88. मीटरचा बोर्ड 12. एकूण रुपये शंभर फक्त. खाली वडिलांच्या अक्षरात चारही पॉइंटची नोंद होती. ओसरी, स्वयंपाकघर, देवघर, मागची खोली.

पावती घेऊन आईकडे गेलो. म्हटले, "मागच्या खोलीत तेव्हा कोण राहायचं गं? पॉइंट कशाला घेतला?"

"कोण राहायचं? कुणी नाही. माझी शिवणाची मशीन होती तिथं," आई म्हणाली. "दिवसा घरातलं काम, मग रातच्याला चिमणीपाशी शिवायची मी. वायरमन म्हणला, तीन पॉइंट बास, चौथ्याचे पैसे जादा पडतील. ह्यांनी उगं राहून पैसे दिले. दोन महिने चहाला साखर कमी घातली आम्ही."

मग ती थोडा वेळ वरच्या होल्डरकडे बघत राहिली. होल्डर नवा आहे, पण जागा तीच.

"तुझ्या शाळेचे सगळे शर्ट त्याच दिव्याखाली शिवले," ती म्हणाली.

यावर तत्त्वाचा प्रश्न उरला नाही. आमच्या गावच्या वीजघराची वीज खांबावरून कुठे कुठे गेली असेल. पण आईच्या मशीनवर उजेड पडला तो वडिलांनी जादा भरलेल्या बावीस रुपयांचा.

आठ दिवसांनी ते पोरगे आले. मी काही न बोलता आत घेतले. त्याने भिंतीला भोक पाडायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या भिंतीत त्याचे पाते खरोखरच मोडले. त्याचे पैसे त्याने मागितले नाहीत, मीच दिले. सौ.ने ही घटना कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

"आजी, कुठं लावू डबी? वर लावू का?"

"वर नको रे बाळा. त्या खिडकीपाशी लाव. मला बघू दे तिचा दिवा लागतो का."

दिवा लागला. हिरवा. संध्याकाळी सात वाजता पुण्याहून कॉल आला आणि नातीने न थिजता, अखंड, पहिल्यापासून शेवटपर्यंत एक जांभई दिली. आई म्हणाली, "बघ, मी म्हणतच होते. रडत नव्हती ती." गेले सहा आठवडे चाललेला वाद सुनेविरुद्ध निकाली निघाला.

माझी पावती मी वडिलांच्या बासनात ठेवली आहे, त्यांच्या पावतीच्या खाली. वरती शंभर फक्त, खाली दोन हजार आठशे साठ फक्त. मोडलेल्या पात्याचे व्हाउचर नाही.

आता रोज सात ते साडेआठ मागच्या खोलीत पुणे असते. त्या वेळात मला क्रिकेट बघायचे असले तर ओसरीत आवाज बंद करून बघावे लागते, कारण बाळ दचकते. काल सौ. म्हणाली, "अहो, वायर आलीच आहे मागपर्यंत, तर स्वयंपाकघरातही एक डबी घेऊन टाका ना."

मी कंपनीला फोन लावून विचारले. तिकडून अतिशय गोड आवाजात उत्तर आले, "सर, आतलं तुमचंच आहे. कुणाला विचारायची गरज नाही."

हेच वाक्य महिन्यापूर्वी ऐकले तेव्हा बिलासारखे वाटले होते.